अकरा जीबीचा डबा

पिशवीताई कॉम्प्युटरसमोर उभी राहून पावती फाडत होती. डाव्या हातात पावतीपुस्तक, उजव्या हातात पेन, दातांत पेनाचं टोपण. टेबलावर फोन उताणा पडलेला आणि त्यातून तिचा भाचा ओरडत होता.

"मावशी, डिलीट केलंस का?"

"थांब रे, नाव तर लिहू दे. 'टेस्ट जुनं फायनल दोन.' कुणाचं आहे हे?"

"तुझंच आहे! तूच बनवलंस!"

"मला आठवत नाही. म्हणजे बेवारस." तिने तोंडातलं टोपण काढून पेनाला लावलं. "बेवारस वस्तू नव्वद दिवस ठेवावी लागते. नियम आहे."

"अगं, ती फाइल आहे! छत्री नाहीये!"

"छत्रीलाही लोक असंच म्हणतात," पिशवीताई म्हणाली. "नुसती छत्री तर आहे, असं. आणि मग पावसात माझ्याच दारात येऊन रडतात."

भाच्याने पलीकडे डोकं कशावर तरी आपटलं. आवाज स्पष्ट आला.

हे सगळं चाललं होतं बस डेपोच्या चार नंबरच्या खोलीत. तिकीट खिडक्यांच्या मागे, एका बाजूला टायरचं गोदाम आणि दुसऱ्या बाजूला पुरुषांचा संडास, मध्ये ही खोली. दारावर पाटी, 'हरवलं-सापडलं'. आत लोखंडी मांडण्या छतापर्यंत, आणि मांडण्यांवर माणसं बसमध्ये जे जे विसरतात ते सगळं. छत्र्या, डबे, चष्मे, एकेकट्या चपला, एक पेटी वाजवायची, एक पेटी पेरूची, पेरू सडले म्हणून रिकामी, एक शिलाई मशीन. शिलाई मशीन बसमध्ये विसरणाऱ्या माणसाला पिशवीताईला एकदा भेटायचं होतं. तो काही आला नाही.

प्रत्येक वस्तूला चिठ्ठी. प्रत्येक चिठ्ठीला नंबर. प्रत्येक नंबर रजिस्टरात. आणि पावती फाडल्याशिवाय त्या खोलीतून टाचणीसुद्धा बाहेर जात नाही. एकदा साहेबांनी टेबलावरची टाचणी नकळत शर्टाला लावून नेली, तर ही त्यांच्या केबिनपर्यंत पावती घेऊन गेली आणि सही घेऊन आली. साहेब म्हणजे डेपो मॅनेजर. तेव्हापासून साहेब या खोलीत येताना हात मागे बांधून येतात.

ती इथे आली कशी, तर तेही ऐका. बावीस वर्षांपूर्वी दोन महिन्यांसाठी तिकीट खिडकीवर लागली होती. नववी नापास, पण हिशोब तोंडपाठ. एक दिवस या खोलीतला माणूस आजारी पडला, म्हणून तिला म्हणाले, ताई, आजचा दिवस बसा इथे. बसली. तो माणूस परत आला नाही आणि हिला परत न्यायलाही कुणी आलं नाही. नवरा याच डेपोत ड्रायव्हर. तो अजूनही म्हणतो, "बायको माझी, पण चिठ्ठी डेपोची लागलीय."

पिशवीताई हे नाव तिच्या तीन पिशव्यांवरून पडलं. रोज घरातून निघताना तीन पिशव्या. एकीत जेवण. उरलेल्या दोनात 'लागलं तर असावं' असं सगळं. सुईदोरा, सुतळी, बॅटरीचे सेल, चपलेचा अंगठा, मेणबत्ती, एक बल्ब. बल्ब कशाला? लागला तर. अकरा वर्षं तो बल्ब रोज कामावर येतो आणि रोज घरी जातो. त्याची हजेरी डेपोतल्या निम्म्या लोकांपेक्षा चांगली आहे.

कुणाला हसायचं असेल तर हसून घ्या. पण ज्याच्या चपलेचा अंगठा बसमध्ये चढताना तुटलाय ना, तो हसत नाही. तो सरळ चार नंबरला जातो.

तर अशी ही बाई प्रोग्रॅमिंग शिकली. दोन वर्षं, रोज जेवणाच्या सुट्टीत, फोनवरचे व्हिडिओ बघून. भाच्याने त्याचा जुना लॅपटॉप दिला होता, ज्याचं एक बटण निघालेलं. त्या जागी तिने शर्टाचं बटण चिकटवलं. आणि तिने एक ॲप बनवलं. माणसाने फोनवर लिहायचं काय हरवलं, किंवा फोटो असला तर टाकायचा. ॲप रजिस्टर बघणार, फोटोशी फोटो जुळवणार आणि सांगणार, आहे किंवा नाही, आणि असलं तर कुठल्या मांडणीवर. बस्स. लोकांनी तीन-तीन बस बदलून यायचं आणि 'नाही बाबा तुमचा चष्मा' ऐकून परत जायचं, हे तिला बघवत नव्हतं.

निवांत बनवत होती. घाई नव्हती. मग मुख्य ऑफिसचं पत्र आलं.

साहेबांनी ते दारात उभं राहूनच वाचलं, हात मागे बांधता येत नव्हते म्हणून अवघडून. खोली क्रमांक चार बंद करण्यात यावी. वस्तूंची एकगठ्ठा विल्हेवाट लावावी. जागेत थंड पेयांचं यंत्र बसवावं.

"एकगठ्ठा?" पिशवीताई म्हणाली.

"एकगठ्ठा."

"म्हणजे पावतीशिवाय?"

साहेब म्हणाले, "ताई, शुक्रवारी अकरा वाजता मुख्य ऑफिसच्या मोठ्या बाई पाहणीला येतायत. तुमचं ते फोनवालं चालू असेल तर दाखवा. मी मध्ये पडणार नाही, पण आडवाही येणार नाही. माझ्या हातात एवढंच."

तो सोमवार होता.

आता ॲप लॅपटॉपवर चालतं, पण लॅपटॉप बंद की ॲप बंद. जगाला दाखवायचं तर ते क्लाउडवर चढवायला हवं. भाचा असल्याच कामाच्या कंपनीत. त्याने फोनवर समजावलं.

"मावशी, आपण सर्व्हरलेस करू. म्हणजे आपलं असं एक मशीन चोवीस तास जागं ठेवायचं नाही. कुणी विचारलं की ॲप उठतं, उत्तर देतं, थोडा वेळ वाट बघतं आणि परत झोपतं."

"बोलावल्याशिवाय उठत नाही."

"बरोबर."

"उठलं की एक काम करतं आणि परत आडवं होतं."

"अगदी बरोबर."

"तुझ्या काकासारखं."

मागून नवरा म्हणाला, "मी ऐकतोय." तो दोन फेऱ्यांच्या मध्ये तिच्या खोलीत खुर्चीवर आडवा होता.

अडचण एकच होती. असलं ॲप साधं झिप करून पाठवतात, पण फोटो जुळवायचं सामान इतकं अवजड की झिपमध्ये मावेना. भाचा म्हणाला, मग कंटेनर करू. म्हणजे ॲप, त्याला लागणारी सगळी अवजारं, सगळं एका बंद डब्यात घालायचं आणि तो डबा जसाच्या तसा वर चढवायचा. डबा जिथे उघडेल तिथे सगळं हाताशी. कुणाकडे काही मागायला नको.

हे ऐकून पिशवीताईचा चेहरा असा उजळला की नवरा उठून बसला.

"लागेल ते सगळं आत?" तिने विचारलं.

"लागेल ते सगळं."

इथेच चूक झाली. हे वाक्य कुणाला सांगावं आणि कुणाला नाही, याला काही मर्यादा असते की नाही?

मंगळवारी तिने डबा भरला. डबा कसा भरायचा ते एका कागदासारख्या फाइलमध्ये ओळीओळीने लिहायचं असतं. आधी हे घ्या, मग ते बसवा, मग माझं सामान आत ठेवा. तिने 'माझं सामान' म्हणून अख्खा डेस्कटॉप दिला. बावीस वर्षांची रजिस्टरं स्कॅन केलेली. प्रत्येक वस्तूचे फोटो, प्रत्येक छत्रीचे आठ बाजूंनी, उघडी आणि मिटलेली. बहिणीच्या लग्नाचा तीन तासांचा व्हिडिओ. गॅसच्या शेगडीचं माहितीपुस्तक. प्रिंटर डेपोत नव्हताच, तरी प्रिंटरचं सॉफ्टवेअर. लागलं तर.

मग ती डबा वर चढवायला बसली. डेपोचं इंटरनेट असं की टायरवाले लोक फोटो पाठवायला सुद्धा दारापर्यंत चालत येतात. सकाळी दहाला चढवायला घेतलेला डबा दुपारी चारला पोचला. पिशवीताईने सहा तास त्याच्याकडे नजर लावली होती, जणू डोळ्यांनीच ढकलत होती. जेवली सुद्धा स्क्रीनसमोर. चारला एक लाल ओळ आली. भाच्याने वाचून सांगितली.

"मावशी, ते दहा जीबीपर्यंतच डबा घेतात. तुझा अकरा पॉइंट चार आहे."

"मग दीड कमी पडतोय त्यांच्याकडे."

"त्यांच्याकडे नाही! तुझा जास्त आहे! अगं, पाचशे-सहाशे एमबीत काम होतं हे. आत काय भरलंयस?"

तिने यादी वाचली. पाच मिनिटं वाचत होती.

"लग्नाचा व्हिडिओ?" भाचा म्हणाला. "आईच्या लग्नाचा?"

"तुझी आई दिसते किती छान त्यात."

"क्लाउडला कशाला बघायचीय ती!"

बुधवार म्हणजे पावत्यांचा दिवस. भाचा फोनवरून सांगत होता, हे काढ, ते काढ, आणि ही प्रत्येक फाइलची पावती फाडत होती. फाइलचं नाव, काढण्याचं कारण, सही. दुपारपर्यंत एकतीस पावत्या झाल्या. 'टेस्ट जुनं फायनल दोन'वर गाडी अडली ती अडलीच. शेवटी भाचा टेकीला आला आणि म्हणाला, फाइल राहू दे लॅपटॉपवर, पण डब्यातून तरी काढ. तिने कागदाच्या शेवटी एक ओळ घातली, की वर ठेवलेलं अमुक अमुक आता पुसा. छातीवर दगड ठेवून घातली. डबा परत बांधला.

अकरा पॉइंट चार.

"अरे, पुसलं तरी तेवढंच?"

"पुसलंस कुठे? शेवटी?" भाच्याने उसासा सोडला. "मावशी, डब्यात थर असतात. प्रत्येक ओळीचा एक थर. खालच्या थरात ठेवलेलं वरच्या थरात पुसलं, तर नुसतं दिसत नाही. खाली असतंच ते. वजन कमी होत नाही."

पिशवीताई खाली बसली. सगळ्या दिवसात पहिल्यांदा.

"म्हणजे एकदा ठेवलेलं जात नाही?"

"नाही."

"कुणी किती पुसलं तरी?"

"नाही गं."

"फार चांगलं यंत्र आहे हे," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, खोटं नाही सांगत.

नवऱ्याने खुर्चीतून विचारलं, "मग दहा जीबीचं काय?"

"हो, ते आहेच."

भाच्याने मार्ग सांगितला. मुळात आत घालूच नको. डबा बांधायच्या आधी एक यादी करायची असते, आत न घेण्याच्या गोष्टींची. यादीत नाव असलं की ते बाहेरच राहतं, तुझ्याजवळ. फेकायचं नाही, पुसायचं नाही. आणि फोटो क्लाउडवर वेगळ्या गोदामात ठेवू, लागेल तेव्हा ॲप तिथून घेईल.

"यादी?" पिशवीताई म्हणाली. "नोंद ठेवायची?"

"हो."

"अरे, मग आधी नाही का सांगायचं? दोन दिवस मला फेक फेक करतोयस!"

गुरुवारी सकाळी तिने यादी लिहायला घेतली. भाच्याने सांगितलं होतं, दहा ओळी पुरतात. तिने दोनशे चौदा लिहिल्या. त्या यादीत ओळीच्या सुरुवातीला एक खूण केली की ती ओळ यंत्र वाचत नाही, नुसता माणसांसाठी शेरा राहतो. हे कळल्यावर तर विचारूच नका. प्रत्येक नावाच्या वर एक शेरा. 'बहिणीचं लग्न. घरी सुखरूप आहे. काळजी नसावी.' 'शेगडीचं पुस्तक. शेगडी बदलली, पण पुस्तक चांगलं आहे.' 'टेस्ट जुनं फायनल दोन. मालक आल्यास चार नंबरला पाठवावे.'

भाच्याने ती यादी आपल्या कंपनीत सगळ्यांना दाखवली. एक जण हसला, तर भाचा त्याच्याशी दोन दिवस बोलला नाही. बरं केलं.

डबा झाला सातशे एमबीचा. गेला. लाल ओळ आली नाही. दुपारी तीनला नवऱ्याने फोनवर लिहिलं, 'काळी छत्री', आणि तिघं स्क्रीनकडे बघत बसले. तिसरे साहेब, हात मागे बांधलेले.

एक सेकंद. दोन. पाच. साहेब खोकले. दहा. चौदाव्या सेकंदाला उत्तर आलं.

"झोपेतून उठतंय ना," पिशवीताई म्हणाली. "पहिल्यांदा वेळ लागतो. आता लगेच परत विचारलं की पटकन सांगेल." आणि खरंच, दुसऱ्यांदा डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर. पण अर्धा तास कुणी विचारलं नाही की परत चौदा सेकंद.

साहेबांनी मान हलवली. "मोठ्या बाई चौदा सेकंद थांबत नाहीत, ताई. त्या लिफ्टसाठी थांबत नाहीत, पाच मजले जिन्याने चढतात. मागच्या डेपोत नळाला पाणी यायला वेळ लागला म्हणून त्यांनी नळ काढायला लावला."

भाचा म्हणाला, ॲप कायम जागं ठेवायची सोय असते, पण त्याचे जास्तीचे पैसे पडतात, म्हणजे मुख्य ऑफिसची परवानगी लागेल. परवानगी म्हणजे तीन सह्या, आणि एक सही खुद्द मोठ्या बाईंची. तेव्हा ते राहिलं. ठरलं असं, की शुक्रवारी अकराला दोन मिनिटं कमी असताना पिशवीताईने स्वतः फोनवरून एकदा विचारायचं. ॲप उठून बसेल, बाई येतील, काम फत्ते.

संध्याकाळी तिने ॲपचा पत्ता मोठ्या अक्षरांत कागदांवर लिहिला, एक कागद खोलीच्या भिंतीवर लावला आणि बाकीचे नवऱ्याने पाच-सहा गाड्यांत खिडकीजवळ चिकटवले. उद्या खोली राहो न राहो, ती म्हणाली, लोकांना एक दिवस तरी विचारता येऊ दे.

शुक्रवारी ती तीनच्या जागी चार पिशव्या घेऊन आली. दहा वाजता मांडण्या पुसल्या. साडेदहाला छत्र्या उंचीप्रमाणे लावल्या. दहा पन्नासला फोन हातात घेऊन दारात उभी राहिली.

दहा पंचावन्नला बाहेर पावलं वाजली. मोठ्या बाई पाच मिनिटं आधीच आल्या. त्या वाट बघत नाहीत ना, मग लोकांना कशाला बघायला लावतील?

"खुर्ची," साहेब कुजबुजले. "ताई, खुर्ची!" पिशवीताईने फोन पिशवीत टाकला आणि शेजारून चांगली खुर्ची आणायला धावली. परत आली तोवर मोठ्या बाई आत उभ्या होत्या. खुर्चीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. उंच बाई, चष्मा डोक्यावर, हातात स्वतःचा फोन.

"कुठे आहे ते ॲप?"

साहेबांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. पिशवीताई पिशवीत हात घालून फोन शोधत होती. सुतळी लागली. सेल लागले. बल्ब लागला. फोन लागेना. नवरा दारात उभा होता, त्याचा चेहरा टायरसारखा काळवंडला.

मोठ्या बाईंनी लिहायला सुरुवात केली.

"बाई, एक मिनिट," पिशवीताई म्हणाली, "जरा चहा..."

"नको." बाईंनी बटण दाबलं.

उत्तर आलं. लगेच. बोट उचलायच्या आत.

बाईंनी मोठ्याने वाचलं. "'काळ्या छत्र्या एकसष्ट आहेत. दांडा वाकडा की सरळ? आठवत नसेल तर हरकत नाही, सगळ्यांचंच होतं. सावकाश सांगा.'" त्यांनी वर बघितलं. "हे कुणी लिहिलं?"

"मी," पिशवीताई म्हणाली. हातात बल्ब.

बाईंनी परत विचारलं, चष्मा. लगेच उत्तर. एकटी चप्पल. लगेच. शिलाई मशीन. 'आहे. मांडणी सहा. कृपया या. बाकी काही नाही, फक्त कशी विसरलात ते सांगा.' बाई हसल्या असं साहेबांचं म्हणणं आहे. नवरा म्हणतो, शिंकल्या. काही असो. सात मिनिटं त्या खोलीत थांबल्या. साहेबांनी घड्याळ लावलं होतं.

जाताना म्हणाल्या, "खोली राहू दे. ते पेयांचं यंत्र बाहेर लावा, संडासाच्या त्या बाजूला." आणि दारात थांबून, "पण बल्ब कशाला?"

"लागला तर," नवरा आणि साहेब एकदम म्हणाले.

पिशवीताई खाली बसली ती दहा मिनिटं उठली नाही. झोपलेलं ॲप उठलं कसं, हे तिला कळेना. भाचा म्हणाला नशीब. साहेब म्हणाले पुण्याई. नवरा म्हणाला, तुझ्या डोळ्यांना घाबरलं असेल, मी घाबरतो.

महिन्याभराने भाच्याने सहज ॲपची नोंदवही उघडली, कुणी कधी काय विचारलं त्याची, तेव्हा कळलं. त्या शुक्रवारी सकाळी नऊ चाळीसपासून एकाच फोनवरून एकच प्रश्न येत होता, दर मिनिटाला, एकूण सत्याण्णव वेळा: 'वरची कवळी आहे का?' आणि ॲप सत्याण्णव वेळा सांगत होतं, आहे, मांडणी दोन, कृपया या. रजिस्टरात सही होती, सव्वाअकराच्या गाडीने आलेल्या एका आजोबांची. गाडीतला कागद वाचून निघाले होते, दीड तासाचा रस्ता, आणि मध्ये कुणी आपले दात घेऊन तर जाणार नाही ना, या धास्तीने सबंध रस्ता विचारत आले होते.